‘दिवसातून तीनदा’ चिनीत म्हणायचं तर आधी ते मधोमध फोडायला लागतं

पत्र मोठं होतं, त्यामुळे गरजेपुरतं इथे देते:

“ताई, मी मूळची लातूरची, सध्या चीनमध्ये शान्तुंग प्रांतात एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. वर्गात सगळं इंग्लिशमधून चालतं पण वॉर्डात पेशंटशी चिनीच बोलावं लागतं आणि आमच्या कॉलेजात इंटर्नशिपआधी एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी पास व्हावीच लागते. मागच्या आठवड्यात राउंडला सरांनी मला एका आजींना विचारायला सांगितलं की दिवसातून किती वेळा उलटी होते. मी विचारलं, आजी नुसत्या बघत राहिल्या, मग सरच बोलले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले की चार वर्षांत एवढंही येत नाही का. नंतर एक काका म्हणाले की ते गोळी एक दिवस सोडून घेतात, मी ‘रोज’ असं लिहून ठेवलं, ते सिनियरने पकडलं म्हणून वाचले. आणि डिक्शनरीत ‘नेहमी’ला पाच शब्द आहेत, कुठला कधी वापरायचा ते कळत नाही. मेसमधल्या मावशींना तर मी शंभरदा सांगितलंय की मी मांस खात नाही तरी त्या वाढतातच. किती वेळा, कितीदा, कधी कधी, हे सगळं चिनीत नीट बोलायला मला कधी येणार?”

अगं, पहिली गोष्ट म्हणजे तू जे वाक्य बोललीस ते तू पत्रात लिहून पाठवलंस म्हणून फार बरं झालं, कारण तुझी नेमकी गाठ कुठे बसली आहे ते त्या एका वाक्यात दिसतं. तू म्हणालीस, “नी ई थ्येन ची त्स थू?” म्हणजे शब्दाला शब्द, तू एका दिवसात किती वेळा ओकतेस. मराठीत अगदी बरोबर. शब्द पण सगळे बरोबर आहेत गं, एकही चुकलेला नाही. फक्त ‘थू’ची जागा चुकली. “नी ई थ्येन थू ची त्स?” असं हवं होतं. आजींना कळलं नाही कारण सत्तर-ऐंशी वर्षं ज्या क्रमाने तो प्रश्न कानावर पडलाय त्या क्रमाने तो आला नाही, त्यात आजारी माणूस, त्यात परदेशी मुलीचा उच्चार, एवढंच झालं.

आपल्याकडे ‘दिवसातून तीनदा’ हा एकच गोळा आहे. आठवड्यातून दोनदा, महिन्यातून एकदा, वर्षातून चार वेळा, हे दोन तुकडे आपण कधी वेगळे करतच नाही आणि अख्खा गोळा उचलून क्रियापदाच्या आधी ठेवतो. चिनीत हे दोन तुकडे वेगळे आहेत. ‘दिवसातून’ हा तुकडा क्रियापदाच्या आधी, ‘तीनदा’ हा तुकडा क्रियापदाच्या नंतर, आणि क्रियापद मधे. ई थ्येन, थू, सान त्स. दिवसात, ओकणं, तीनदा. हे जर तुझ्या हाडात मुरलं ना, तर तुझ्या पत्रातले अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

असं का ते मी शिकवताना असं सांगते. चिनी वाक्यात क्रियापदाच्या आधी सगळी मांडामांड येते, कधी, कुठे, कुणाबरोबर, सवय कशी आहे. आणि क्रियापदाच्या नंतर त्या कामातून काय निघालं ते, म्हणजे किती झालं, किती वेळ झालं, किती वेळा झालं. ‘दिवसातून’ ही चौकट आहे, म्हणून आधी. ‘तीनदा’ हे माप आहे, आणि काम झाल्याशिवाय माप कसं घेणार, म्हणून नंतर. याच हिशोबाने ‘नेहमी’, ‘अधूनमधून’, ‘क्वचित’ हे आकडा नसलेले शब्द क्रियापदाच्या आधी बसतात कारण ते सवय सांगतात, आणि आकडा आला की तो मागे जातो.

आता तू म्हणशील मग औषधाच्या पाकिटावर ‘ई र सान त्स’ असं सलग कसं लिहिलेलं असतं? बरोबर, दिवसाला तीनदा, सलग. कारण तिथे क्रियापदच नाहीये! ते आलं की मधे घुसतं, नसेल तर दोन तुकडे आपोआप एकमेकांना चिकटतात. मला वाटतं तुझी सवय तिथूनच लागली असणार, रोज लेबलं वाचून वाचून. आणि हो, त्या पत्रकांवर बहुतेक वेळा आधी एका वेळचा डोस असतो आणि मग दिवसाचा हिशोब, ‘ई त्स ल्यांग फ्येन, ई र सान त्स’, एका वेळी दोन गोळ्या, दिवसाला तीन वेळा. बोलताना डॉक्टर, नर्स बऱ्याचदा उलट सांगतात, आधी दिवसाचं. त्यामुळे कुठला आकडा कशाचा ते जागेवरून ठरवायचं नाही, ‘त्स’ आहे की ‘फ्येन’ आहे ते ऐकायचं. दोनदा तीन गोळ्या आणि तीनदा दोन गोळ्या, बेरीज सहाच होते म्हणून काही बिघडत नाही असं वाटेल पण तुला फार्मॅकॉलॉजी आहे, तुला मी काय सांगू.

‘त्स’बद्दल एक सांगते कारण याचा उच्चार आपल्या मुलांकडून उगाच ‘सी’ किंवा ‘ची’ होतो. चमचा, चटणी यातला जो दातांवरचा च आहे ना, तोच, फक्त त्यात हवेचा झोत टाकायचा, म्हणजे त्याला ह जोडल्यासारखा. मराठी माणसाला हा आवाज निम्मा फुकट मिळालेला आहे. आणि मी इथे त, थ, प, फ, क, ख जे लिहितेय ते जाणूनबुजून. १९५८ साली चीनमध्ये मान्य झालेल्या पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, रोमन बी लिहितात तो आपला प आहे आणि रोमन पी म्हणजे फ, ओठ मिटून म्हणायचा. अल्पप्राण महाप्राण हा फरक आपण पहिलीपासून पाठ केलाय, तो वापर ना. ‘प्येन’ आणि ‘फ्येन’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्ही तुला वॉर्डात रोज लागणार आहेत. टोन, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, मात्र देवनागरीत दाखवता येत नाहीत, ते पुस्तकातून बघून घे. एक उदाहरण तुझ्या कामाचं: ‘थू’ तिसऱ्या टोनमध्ये म्हणजे थुंकणं आणि चौथ्या टोनमध्ये म्हणजे ओकणं. आजींना थुंकणं ऐकू आलं असेल तर अजूनच गोंधळ.

बरं, पुढे. क्रियापदाला कर्म असेल तर आकडा कुठे? साधं कर्म असेल तर आकडा मधे आणि कर्म शेवटी. आज किती वेळा औषध घेतलं, “चिनथ्येन छर-ल ची त्स याओ?” घेतलं, किती वेळा, औषध. पण कर्म जर ‘तो’, ‘ती’, ‘तुम्ही’ असं सर्वनाम असेल तर ते क्रियापदाला चिकटतं आणि आकडा शेवटी ढकलला जातो, “वो वन-क्वो था सान त्स”, मी त्याला तीनदा विचारलंय. गावाचं नाव असेल तर दोन्ही चालतं, त्यात डोकं घालू नकोस.

खरी गंमत आहे ती फुटणाऱ्या क्रियापदांची, आणि हॉस्पिटल त्यांनी नुसतं भरलेलं आहे. चिनी व्याकरणात त्यांना ‘ली-ह-त्स’ म्हणतात, म्हणजे तुटणारे-जुळणारे शब्द. ताप येणं ‘फा-शाओ’, अ‍ॅडमिट होणं ‘चू-य्वेन’, ऑपरेशन होणं ‘खाइ-ताओ’, आंघोळ करणं ‘शी-चाओ’, रात्री लघवीला उठणं ‘छी-ये’. दिसायला एक शब्द, पण आतमध्ये क्रियापद अधिक कर्म, आणि आकडा आला की तो बरोबर सांध्यात शिरतो. दोनदा ताप आला, “फा-क्वो ल्यांग त्स शाओ”. एकदा ऑपरेशन झालंय, “खाइ-क्वो ई त्स ताओ”. दोनदा अ‍ॅडमिट होतो, “चू-क्वो ल्यांग त्स य्वेन”. रात्री किती वेळा उठता, “वान-शांग छी ची त्स ये?” ‘फा-शाओ ल्यांग त्स’ असं आकडा शेवटी टाकून बोललीस तरी समजतील, असं लिहिलेलंही दिसतं, पण पेशंट तुला उत्तर देताना फोडूनच देणार, आणि फोडलेला शब्द कानाला ओळखू आला नाही तर तू डिक्शनरीत ‘शाओ’ शोधत बसशील. म्हणून ऐकण्यासाठी तरी ही फोड घोटून घे. आपल्याकडे आंघोळ करणं, उलटी होणं यातही ‘दोनदा आंघोळ केली’, ‘आंघोळ दोनदा केली’ असं काहीही चालतं, आपली भाषा ऐसपैस आहे, चिनी तिथे कडक आहे.

आता ‘त्स’ सोडून बाकीचे. हा भाग मला फार आवडतो म्हणून थोडी रेंगाळणार आहे. ‘किती वेळा’ मोजायला चिनीत एकच शब्द नाही, काम कसलं आहे त्यावर मोजमाप बदलतं, आणि मुलं याला घाबरतात, पण मराठीत आपण हेच करतो फक्त कुणी आपल्याला तसं शिकवलेलं नसतं. बघ, अथर्वशीर्षाची आपण आवर्तनं मोजतो, पोथीची पारायणं मोजतो, पाण्याच्या खेपा मोजतो, देवळाभोवती प्रदक्षिणा मोजतो. ‘अथर्वशीर्षाच्या एकवीस खेपा’ असं कुणी म्हणेल का? नाही ना. चिनीत ‘प्येन’ म्हणजे आवर्तन. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, पूर्ण. म्हणून “छिंग चाइ श्वो ई प्येन”, कृपया परत एकदा सांगा, यात ‘प्येन’ येतो, कारण तुला ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत परत ऐकायचंय. हे वाक्य राउंडला दर दहा मिनिटांनी वापर, त्यात कमीपणा काही नाही. पुस्तक तीन ‘त्स’ वाचलं म्हणजे तीनदा हातात घेतलं, पुरं झालंच असेल असं नाही. तीन ‘प्येन’ वाचलं म्हणजे तीन पारायणं झाली.

‘थांग’ म्हणजे खेप. जाऊन येणं. “फाओ-ल ल्यांग थांग”, दोन खेपा झाल्या. पेशंटचे नातेवाईक रिपोर्टसाठी खालीवर पळतात तेव्हा हाच शब्द ऐकशील. आणि “पाइ फाओ ई थांग” म्हणजे हुबेहूब आपला हेलपाटा. मी तिकडे शिकत असताना एका ऑफिसात कागद घेऊन गेले, ऑफिस बंद, तिथला वॉचमन माझ्याकडे बघून म्हणाला “पाइ फाओ ई थांग”, आणि मला ते शिकवायला पुस्तक लागलंच नाही, पायांना आधीच कळलं होतं.

‘त्वन’ हा जेवणाचा. दिवसातून किती वेळा जेवता, “ई थ्येन छर ची त्वन फान?” डायबेटिसच्या पेशंटला हे विचारावंच लागेल. आणि हाच ‘त्वन’ बोलणी आणि मार मोजायलाही वापरतात, ‘मा-ल ई त्वन’ म्हणजे चांगलंच सुनावलं. पहिल्यांदा ऐकून विचित्र वाटतं पण मराठीत आपण तरी काय करतो, बोलणी खातो, मार खातो. तिकडे बोलणी जेवणाच्या मापाने मोजतात आणि इकडे आपण ती खातो. मला हे जेव्हा लक्षात आलं तेव्हा वाटलं होतं की दोन भाषा डोंगराच्या दोन बाजूंनी चढून एकाच ठिकाणी आल्यात.

‘श्या’ म्हणजे एक ठोका, एक फटका, पटकन झालेली कृती, आणि त्यातूनच तो ‘जरा’ या अर्थाने पण येतो. “छिंग तंग ई श्या”, जरा थांबा. “ख ई श्या”, जरा खोका बघू. तपासताना तुझं वाक्य मऊ करायला याच्यासारखा शब्द नाही, पेशंटला हुकूम दिल्यासारखं वाटत नाही.

आणि ‘चन’, म्हणजे कळ. पोटात दुखतंय म्हणाले की पहिला प्रश्न काय असतो तुमचा? सतत दुखतं का कळा येतात. “ई-चर थंग, हाइशर ई चन ई चन त थंग?” हे वाक्य लिहून भिंतीला लाव. ‘ई-चर’ म्हणजे न थांबता, एकसलग. त्याला ‘नेहमी’ समजू नकोस. ‘नेहमी दुखतं’ आणि ‘सलग दुखतं’ यात काय फरक आहे ते डॉक्टर म्हणून तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुझ्या वॉर्डातले म्हातारे लोक ‘त्स’ऐवजी ‘ह्वेइ’ पण म्हणतील, तो बोलीतला आहे, अर्थ तोच, दचकू नकोस.

आता त्या काकांची दिवसाआड गोळी. हे मी सगळ्यात जपून सांगतेय कारण इथे चूक झाली तर ती फक्त व्याकरणात राहत नाही.

काका म्हणाले असणार “मेइ क ई थ्येन”. तू ऐकलंस ‘मेइ थ्येन’, म्हणजे रोज. मधला तो ‘क’ निसटला. हा ‘क’ म्हणजे आड. अगदी आपला आड! मेइ क ई थ्येन, दर एका दिवसाआड. इंग्लिशमधून शिकणाऱ्यांना इथे प्रत्येक दुसऱ्या दिवशी असं काहीतरी डोक्यात फिरवून घ्यावं लागतं, आपल्याला काहीच फिरवावं लागत नाही, ‘क’ जिथे ऐकू येईल तिथे ‘आड’ ठेवायचं. आणि तू लातूरची आहेस. २०१६ च्या एप्रिलमध्ये जिथे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या गावच्या मुलीला पाणी दिवसाआड येणं म्हणजे काय, चार दिवसांआड म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. दोन दिवसांआड म्हणजे मधे दोन दिवस कोरडे, नळ तिसऱ्या दिवशी. ‘मेइ क ल्यांग थ्येन’ पण तसंच, मधे दोन दिवस रिकामे, गोळी तिसऱ्या दिवशी. आणि ‘मेइ ल्यांग थ्येन ई त्स’, ‘क’ नाही, म्हणजे दर दोन दिवसांत एकदा, म्हणजे परत दिवसाआडच. ‘क’ आहे का नाही यावर एक अख्खा दिवस इकडचा तिकडे होतो.

पण लक्षात ठेव, बोलताना चिनी लोक पण ‘क ल्यांग थ्येन’मध्ये गडबडतात, जसं आपल्याकडे ‘दोन दिवसांनी ये’ म्हटलं की परवा का तेरवा यावरून घरात वाद होतात. म्हणून औषधाच्या बाबतीत कधीही तेवढ्यावर थांबू नकोस, वार विचार. सोमवारी घेतली तर मग पुढची कधी, बुधवारी का गुरुवारी. शिंगछी-ई, मग शिंगछी-सान का शिंगछी-स. दोन सेकंद लागतात. कागदावर ‘क र ई त्स’ असं दिसलं तर ते पक्कं दिवसाआड एकदा. आठवड्याचंही तसंच, ‘मेइ क शिंगछी’ यातला ‘क’ नुसता मोजणीचा आहे, हलका, बिनटोनचा, दर आठवड्याला. आणि ‘मेइ क ई क शिंगछी’ यातला पहिला ‘क’ चढत्या टोनचा, आड, म्हणजे एक आठवडा सोडून. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, कान लावून ऐकायला लागेल, पण एक खूण आहे की ‘मेइ’ला जोडून आलेल्या आडवाल्या ‘क’च्या नंतर आकडा येतोच, ई, ल्यांग, सान, काहीतरी. तासांच्या बाबतीत मात्र असा घोळ नाही, ‘मेइ क पा श्याओशर’ म्हणजे सरळ आठ-आठ तासांनी.

हे झालं आकड्यांचं. आता बिनआकडी शब्द, तुझे पाच ‘नेहमी’.

‘छांग-छांग’ आणि ‘चिंग-छांग’ हे सरळ, वरचेवर, बऱ्याचदा, कसलाच रंग नाही. वॉर्डात ‘चिंग-छांग’ घे आणि निर्धास्त राहा. ‘नाही’ लावायचं असेल तर ‘पू छांग’ किंवा ‘पू चिंग-छांग’ म्हण, ‘पू छांग-छांग’ कानाला बरं लागत नाही. ‘चोंग-शर’ म्हणजे दर वेळी, न चुकता. ‘लाओ-शर’ म्हणजे आपलं ‘सारखं’. “सारखा मोबाइल बघतो”, “सारखं काय गं ते”, या ‘सारखं’मध्ये जी कुरकुर आहे ना ती जशीच्या तशी ‘लाओ-शर’मध्ये आहे. पेशंट स्वतःबद्दल “वो लाओ-शर थोउ-थंग” म्हणाला तर फक्त डोकं वरचेवर दुखतं एवढंच तो सांगत नाहीये, त्याला वैताग आलाय हेही सांगतोय, तेवढं ऐक. पण तू पेशंटला “तुम्ही लाओ-शर औषध विसरता” असं म्हणालीस तर ते रागावल्यासारखं होईल. आणि टोन सांभाळ, कारण पहिल्या टोनचा ‘शर’ लावला की ‘लाओ-शर’ म्हणजे शिक्षक.

‘वांग-वांग’ हा पाचवा, याच्यावर परीक्षेत हमखास प्रश्न असतो. हा म्हणजे अमुक असलं की सहसा तमुक होतं, अनुभवावरून काढलेला निष्कर्ष. रात्री उशिरा खाल्लं की यांना बहुतेक वेळा जळजळ होते, इथे ‘वांग-वांग’. मागे काहीतरी परिस्थिती हवी आणि गोष्ट घडून गेलेली हवी. पुढच्या काळाला, इच्छेला, आमंत्रणाला चालत नाही. ‘वरचेवर येत जा हं’ म्हणायचं तर ‘छांग लाइ’, तिथे ‘वांग-वांग’ कधीच नाही.

अधूनमधून म्हणजे ‘योउ-शर-होउ’ आणि ‘शर-पू-शर’, एखाद्या वेळेस म्हणजे ‘ओउ-अर’. हे सोपे आहेत, ते तुला येतच असतील. बोलण्यातले दोन मात्र देते कारण ते तुला पेशंटच्या तोंडून येतील आणि पुस्तकात उशिरा भेटतील. “सान थ्येन ल्यांग थोउ”, शब्दशः तीन दिवस दोन टोकं असं काहीतरी, अर्थ दर दोन दिवसांनी, वरचेवर. इथे तीन आणि दोन मोजत बसू नकोस, आपल्या ‘चार लोकांत’ काय बरोबर चार असतात का? आणि “तोंग-पू-तोंग च्योउ”, याला मराठीत एकच शब्द आहे आणि तो फार चपखल आहे, उठसूट. उठसूट रडतो, उठसूट ताप येतो. दोन्हीत हालचालीचं क्रियापद, आपलं उठणं-सुटणं, त्यांचं हलणं-न-हलणं, दोन्हीत तीच तक्रार.

‘एकदाही नाही’ला मात्र वरचा क्रम मोडतो, ते सांगायचं राहिलं. होकारात आकडा क्रियापदाच्या मागे, पण ‘एकदाही नाही’ म्हटलं की तो उडी मारून पुढे येतो, “ई त्स ये मेइ थू”, एकदाही उलटी झाली नाही. ‘ये’ म्हणजे आपला ‘ही’. एक-दा-ही नाही ओकलो. अगदी मराठीचा क्रम, तेव्हा इथे मराठीत विचार केलास तरी चालेल. ‘पहिल्यांदा’ला ‘ती-ई त्स’, ‘दुसऱ्यांदा’ला ‘ती-अर त्स’, आणि ‘दोनदा’ला ‘ल्यांग त्स’, म्हणजे आपण दोनदा आणि दुसऱ्यांदा यात जो फरक करतो तोच. ‘परत’ला दोन शब्द, झालेल्याला ‘योउ’ आणि अजून व्हायच्याला ‘चाइ’. परत उलटी झाली, योउ थू-ल. परत झाली तर मला बोलवा, इथे चाइ थू. ‘दर वेळी’ने सुरू केलंस तर क्रियापदाच्या आधी ‘तोउ’ टाकायला विसरू नकोस, ‘मेइ त्स छर याओ तोउ थू’, दर वेळी औषध घेतलं की उलटी होते. मराठी मुलं हा ‘तोउ’ हमखास खातात कारण आपल्याकडे तिथे काहीच नसतं.

सरांबद्दल. त्यांनी तुला सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे माझं स्पष्ट मत आहे, परक्या भाषेत चार वर्षं काढून आजारी माणसाशी बोलू बघणाऱ्या मुलीला असं तोडू नये. पण त्यांच्या एका वाक्यावरून ‘मला कधी येणार’ हा प्रश्न तू स्वतःला विचारू नकोस. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते चिनीचा वर्ग लावून गेले नव्हते. तिथे राहून, जखमी सैनिकांशी आणि गावकऱ्यांशी बोलत बोलत ती भाषा त्यांनी आपली केली, १९४२ साली वारले तोवर चार वर्षंच काय ती झाली होती, आणि ‘ख तीह्वा’ या चिनी नावाने तिकडे आजही त्यांची आठवण काढतात. तू त्याच भाषेत, त्याच कामाला उभी आहेस. उद्या राउंडच्या आधी दहा मिनिटं काढ, वहीत फक्त प्रश्न लिहू नकोस, त्या प्रत्येकाला पेशंट काय काय उत्तर देऊ शकेल तेही लिही, फोडलेलं, आडवालं, कळावालं, आणि मोठ्याने म्हण. आणि शक्य असेल तर त्या आजींकडे एकदा एकटी जा, सर नसताना, आणि विचार, “नाइ-नाइ, चिनथ्येन थू-ल ची त्स?” आज किती वेळा झाली. त्या उत्तर देतील बघ.

राहिल्या मेसच्या मावशी. तू पत्रात लिहिलंस की तू त्यांना “वो हन्-शाओ पू छर रोउ” असं सांगतेस. अगं, म्हणून त्या वाढतात! मराठीत ‘मी फारसं मांस खात नाही’ यात ‘नाही’ लागतो, म्हणून तू ‘पू’ घातलास, पण ‘हन्-शाओ’मध्ये ‘क्वचित’ आधीच बसलेलं आहे, त्यावर अजून एक ‘नाही’ टाकला की अर्थ होतो मी मांस खात नाही असं क्वचितच घडतं. म्हणजे जवळजवळ रोज खाते. मावशी बिचाऱ्या तुझं ऐकूनच वाढत होत्या, आणि प्रेमाने थोडं जास्तच. आणि तुला तर ‘क्वचित’ पण म्हणायचं नाहीये, तुला ‘कधीच नाही’ म्हणायचंय. त्याला ‘त्सोंग-लाइ’, आणि त्याच्यामागे ‘नाही’ लागतोच. “वो त्सोंग-लाइ पू छर रोउ”, मी मांस कधीच खात नाही, ही सवय झाली. “वो त्सोंग-लाइ मेइ छर-क्वो रोउ”, मी मांस कधी खाल्लेलंच नाही, हा जन्माचा अनुभव. घरी कधीच झालं नसेल तर दोन्ही सांग, एकामागोमाग. आणि अंड्याचं वेगळं सांग, ते तिकडे ‘रोउ’मध्ये धरत नाहीत.